देवाच्या नावाने घातलेली मागणी

घरातल्या तरुण मुलीच्या हाती प्रेमकथा दिसली की आपण पहिली चौकशी करतो ती अशी : "पुस्तक सोज्ज्वळ आहे ना?" या एका शब्दावर आपली सारी भिस्त. सोज्ज्वळ म्हणजे काय, हे मात्र कुणी फोडून सांगत नाही. बहुधा अर्थ एवढाच असतो की नायक-नायिका एकमेकांपासून हातभर दूर राहतात, वडीलधाऱ्यांचा मान राखतात आणि शेवटी रीतसर लग्नाला उभी राहतात.

या कसोटीला उतरणारे एक सबंध साहित्य इंग्रजीत आहे. ख्रिस्ती प्रकाशक ते श्रद्धावान घरांसाठी छापतात आणि त्यातले पुष्कळसे पंधरा-सोळा वर्षांच्या मुलींकरिताच असते. यवतमाळकरांना ते अगदीच परके वाटू नये. १९५३ ते १९८३ अशी तीस वर्षे युनियन बिब्लिकल सेमिनरी ही मोठी धर्मशिक्षणसंस्था आमच्या गावात होती. पुढे ती पुण्याला गेली. ख्रिस्ती शेजार इथे पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे, आणि शेजाऱ्याकडची पुस्तके आज ना उद्या आपल्या घरी येतातच.

या साहित्याला नावे ठेवणे सोपे आहे. कथानक ठरलेले, पावसापाण्याची वर्णने ठरलेली, आणि शेवट तर पहिल्या पानावरच कळतो. तरीही त्यातले एक पुस्तक मला मोलाचे वाटते. जेनेट ओक या कॅनडातल्या लेखिकेची 'लव्ह कम्स सॉफ्टली' ही कादंबरी १९७९ साली निघाली आणि या प्रकाराला खरा बहर तिच्यापासूनच आला. ओसाड माळरानावर एकोणीस वर्षांची मार्टी विधवा होते. क्लार्क नावाचा एक विधुर शेतकरी तिला लग्नाचे विचारतो, ते आपल्या लहान मुलीला आई हवी म्हणून. वसंतात गाड्यांचा तांडा परत निघाला आणि तिला जावेसे वाटले, तर वाटखर्च देण्याचे तो आधीच कबूल करून टाकतो. तो श्रद्धाळू आहे, रोज प्रार्थना करतो, पण ती प्रार्थना तिच्या गळ्यात बांधत नाही. दार उघडे ठेवून तो वाट पाहतो. पुस्तकाची सोज्ज्वळता मला त्या उघड्या दारात दिसते. दोघांमधल्या हातभर अंतराला मी तेवढे महत्त्व देत नाही.

पुष्कळ पुस्तकांत मात्र हे दार हळूच लोटलेले असते. तिथे नायकाला प्रार्थनेत कळते की हीच आपली नेमलेली सहचारिणी. नायिका प्रथम नाही म्हणते. तिचे ते 'नाही' म्हणजे तिची अश्रद्धा ठरते आणि उरलेली दोनशे पाने ती अश्रद्धा वितळण्यात जातात. शब्द सारे पवित्र, एकही प्रसंग आक्षेपार्ह नाही. पण मुलीने यातून शिकायचे काय? आपल्या नकाराला काही किंमत नाही, एवढेच ना?

हे पुस्तकातच राहिले असते तर मी इतकी शाई खर्च केली नसती. काही वर्षांपूर्वी दहावीतल्या एका मुलीने शाळा सुटल्यावर मला एक चिठ्ठी दाखवली. तिच्या प्रार्थनामंडळातल्या एका मुलाने लिहिलेली होती. भाषा अदबीची, अक्षर सुरेख. तू माझ्यासाठी नेमलेली आहेस हे मला प्रार्थनेत दाखवण्यात आले, असा मजकूर. मुलगा वाईट नव्हता. त्याचा त्यावर विश्वासही असेल. मुलीला तो आवडतही नव्हता आणि नावडतही नव्हता. ती म्हणाली, "बाई, त्याले तं मी नाही म्हनीन. पण देवाले कसं नाही म्हनू?"

मला तत्काळ उत्तर सुचले नाही. तिचा प्रश्न एका धर्मापुरता नव्हता. कुणाच्या पत्रिकेत योग असतो, कुणाला गुरूंचा कौल मिळतो, कुणाच्या साताजन्मीच्या गाठी असतात. सिनेमातला नायक तर देवाचीही गरज ठेवत नाही, तो नशिबाचाच हवाला देतो. मागणी घालणारा स्वतःच्या पायावर उभा राहून "मला तू आवडतेस, तुझे काय?" असे विचारण्याऐवजी एखाद्या थोर साक्षीदाराला पुढे करतो. मग समोरच्याने त्याला नकार दिला की साक्षीदाराचाही अपमान होतो. एकतर्फी प्रेमातून झालेल्या हल्ल्यांच्या बातम्या आपण वर्तमानपत्रांत वाचतो. त्या माणसांच्या आणि या चिठ्ठीतल्या मुलाच्या स्वभावात जमीन-अस्मानाचे अंतर आहे, हे मी मान्य करते. पण ही माझीच, असे आधी ठरवून मग तिच्याकडे जायचे, ही पहिली पायरी दोघांची एकच आहे.

त्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी तिच्याच बायबलातली रिबकेची गोष्ट काढायला सांगितली. उत्पत्तीच्या चोविसाव्या अध्यायात अब्राहामाचा चाकर धन्याच्या मुलासाठी वधू शोधायला निघतो. विहिरीपाशी देवाकडे खूण मागतो, आणि खूण तंतोतंत पटते. भाऊ नि बाप संमती देतात, दागिने दिले जातात. एवढे झाल्यावरही घरचे लोक म्हणतात, पोरीला बोलवा आणि तिलाच विचारा. तिने होकार दिल्यावरच उंट हलतात. चोखंदळ वाचक म्हणतील की विचारले ते केवळ लगेच निघण्याबद्दल, सोयरीक तर ठरूनच गेली होती. असेल. तरी देवाची खूण हाती असताना मुलीला विचारण्याची गरज त्या जुन्या लोकांना वाटली, ही गोष्ट लहान नाही. आजही चर्चमधल्या लग्नात वराला विचारतात तसे वधूला वेगळे विचारतात. ज्या प्रश्नाला 'नाही' हे उत्तर चालत नाही, तो प्रश्न विचारण्यात अर्थ काय?

आपल्या मराठीत हा विषय किती जुना आहे, याचे मला नेहमी नवल वाटते. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिला मान मिळतो, ती बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' १८५७ सालची, विधवाविवाहाचा कायदा झाला त्याच्या दुसऱ्याच वर्षीची. लेखक पंचवीस-सव्वीस वर्षांचा तरुण, तीन वर्षांपूर्वी ख्रिस्ती झालेला. यमुना आणि विनायक हे तरुण जोडपे प्रवासात विधवांची दुःखे पाहते आणि त्यावर एकमेकांशी बोलते. नवरा-बायको एखाद्या प्रश्नावर बोलतात, ही त्या काळी केवढी नवलाई! विनायक वारल्यावर यमुना ख्रिस्ती होऊन पुनर्विवाह करते. पुस्तकात उपदेश फार आहे, पात्रे पुष्कळदा प्रवचनेच देतात. पण यमुनेला स्वतःचे मत आहे, आणि ते बनताना आपण पाहतो.

कल्पित कथेहून मोठा दाखला लक्ष्मीबाई टिळकांचा. १८८० साली त्यांचे लग्न झाले तेव्हा त्या अकरा-बारा वर्षांच्या होत्या. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तो बायकोला न विचारता. हा घाव किती खोल होता हे 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला सांगायला नको. टिळक लहरी, तापट, जगाचे कल्याण करताना घर विसरणारे. पण मधल्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई त्यांच्याजवळ परतल्या त्या आपला धर्म आणि आपले सोवळे घेऊनच. एका छपराखाली दोघांच्या दोन श्रद्धा नांदल्या. टिळकांना आपला ख्रिस्त प्राणांहून प्रिय होता, तरी बायकोवर त्यांनी त्याची सक्ती केली नाही. १९०० साली लक्ष्मीबाई ख्रिस्ती झाल्या, त्या जातिभेदाविषयी स्वतः विचार करून. आपल्याला जे सत्य वाटते ते दुसऱ्याच्या वेळेने त्याच्याकडे जाऊ देणे, याला मी प्रेम म्हणते. घाईच्या स्वभावाच्या त्या कवीला हे कसे साधले असेल कोण जाणे!

यावर कुणी म्हणेल, एवढी भानगड कशाला, अठरा वर्षांपर्यंत हा विषयच नको. अमेरिकेत जोशुआ हॅरिस या एकवीस-बावीस वर्षांच्या तरुणाने १९९७ मध्ये जवळजवळ हेच सांगणारे पुस्तक लिहिले आणि ते लाखो श्रद्धावान घरांत गेले. ते वाचून मोठ्या झालेल्या कित्येकांनी पुढे त्याला सांगितले की आमच्या वाट्याला भीती आणि लाजच आली. २०१८ साली त्याने स्वतःच ते पुस्तक मागे घेतले. आपल्याकडेही मुलीच्या लग्नाचे वय १९७८ पासून अठरा आहे आणि २०१२ च्या पॉक्सो कायद्याने त्याआतल्या संमतीला संमती मानलेले नाही. कायद्याचे ते बरोबरच आहे. त्याने कुंपण घालायचे. कुंपणाच्या आत मुलांशी बोलायचे काम मात्र त्याने आपल्यावर सोडले आहे, आणि आपण मोबाइल काढून घेतला की ते झाले असे समजतो.

मी स्वतः कादंबऱ्या लिहिते, म्हणून एक लोभ मनात आहे. तिसऱ्या प्रकरणात मुलगी "नाही" म्हणते. मुलगा "बरं" म्हणतो, सायकल काढतो आणि कापसाच्या वावरांमधून घरी जातो. त्याला वाईट वाटते, जेवण जात नाही. आई विचारते, तो काही सांगत नाही. रविवारी तो पुन्हा चर्चमध्ये जातो. तिथे ती असते, आणि दोघे एकाच पेटीवर एकच गाणे म्हणतात. पुढची प्रकरणे कशी नेता येतील, याचा विचार चालू आहे.