शाळेंतील गायन आणि वर्गणीदाराचा हक्क

पुष्कळ गांवांत असा प्रश्न निघतो कीं, ज्या शाळेच्या कौलांतून पावसाळ्यांत पाणी गळतें तेथें गायनाच्या शिक्षकासाठीं वर्गणी गोळा करणें हें शहाणपणाचें आहे काय? प्रश्न रास्त आहे, आणि तो विचारणाऱ्या बंधूंस अरसिक म्हणून गप्प बसविणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. गाण्यानें पोट भरत नाहीं, हें खरेंच.

परंतु कुंडलच्या परिसराकडे पाहा. येथील आज्या जात्यावर ओव्या म्हणत, आजे मोटेवर गात, आणि लेंकरें ऐकतां ऐकतां शिकत. पुढें १९१० सालीं कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. तेथून लोखंडी नांगर निघाले, मागून पंप निघाले. गांवोगांव पिठाच्या गिरण्या झाल्या. बैलांचे व बायकांचे कष्ट हलके झाले, याबद्दल कोणास खेद वाटूं नये. मात्र मोट थांबली तसें मोटेवरचें गाणेंहि थांबलें. कामाबरोबर जें सहज मिळत होतें तें आतां मुद्दाम शिकविलें पाहिजे, आणि साऱ्या घरांचीं मुलें एकत्र बसतात अशी जागा शाळेवांचून गांवांत दुसरी नाहीं.

मग खर्च कोणीं सोसावा? एखाद्या धनिकानें, असें म्हणणें सोपें आहे. शेजारच्या पलूस गांवाचें नांव ज्यांनीं देशभर नेलें त्या विष्णु दिगंबर पलुसकरांचें चरित्र या बाबतींत विचार करण्याजोगें आहे. घराण्याचें मूळ उपनांव गाडगीळ; पलूसचे म्हणून पलुसकर. त्यांचा जन्म १८७२ सालीं कुरुंदवाडास झाला. लहानपणीं दारूकामाच्या अपघातानें दृष्टि अधू झाली, शिक्षण खुंटलें, आणि मिरजेच्या संस्थानिकांच्या आश्रयानें त्यांस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांजपाशीं गायन शिकावयास मिळालें. हा आश्रय नसता तर पुढचें कांहींच घडलें नसतें. पण मिरजेंतील एका समारंभाचें बोलावणें शिष्यास आलें, गुरूस आलें नाहीं, कारण गुरु पडले गवई, अशी हकीकत त्यांच्या चरित्रांत सांगतात. एकाच्या आश्रयावर जगणाऱ्यास अन्नवस्त्र मिळतें. बरोबरीची बैठक मिळेलच असें नाहीं.

१८९६ सालीं त्यांनीं मिरज सोडली. गाणें हें दरबारांत किंवा देवळांत ऐकावयाचें, असा तो काळ. त्यांनीं सौराष्ट्रांत तिकीट लावून सर्वांसाठीं जलसा केला. ५ मे १९०१ रोजीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें. संस्थानिकांच्या देणग्या त्यांनीं नाकारिल्या नाहींत, परंतु शाळा जलशांच्या उत्पन्नावर व लोकांच्या मदतीवर चालविण्याचा त्यांचा निश्चय होता. तेथें एक उपदेशक-वर्ग असे. ठराविक वर्षांच्या करारानें मुलांस ठेवून घेत, विद्या देत, आणि मग तींच मुलें इतरांस शिकवावयास बाहेर पडत. (आमच्या उपदेशक वाचकांस हा शब्द ऐकून मौज वाटेल.) १९०८ सालीं मुंबईस शाखा झाली; तिच्यासाठीं कर्ज काढून बांधलेली मोठी इमारत मात्र पुढें लिलावांत गेली. जलशाचा पैसा आज येतो, उद्यां येत नाहीं. व्याज दररोज चढतें. तरी शिष्य राहिले. १९३१ सालीं मिरजेसच त्यांचें देहावसान झालें, आणि दुसऱ्याच वर्षीं विनायकराव पटवर्धनांनीं पुण्यास तेंच कार्य उभें केलें.

यावरून आम्हांस असें दिसतें कीं, शाळेंतील गायनास मोठ्या देणगीपेक्षां लहान पण न चुकणारी वर्गणी अधिक उपयोगी आहे. समजा, दोनशें घरांनीं दरमहा वीस वीस रुपये दिले, तर चार हजार होतात. आठवड्यांतून दोन दिवस येणाऱ्या शिक्षकाची कांहीं तरी सोय लागते, आणि त्या शिक्षकास कोणा एकाच्या ओसरीवर उभें राहावें लागत नाहीं. स्वयंपाकाच्या वेळीं मूठभर धान्य बाजूस काढण्याची रीत आमच्या मंडळ्यांस अपरिचित नाहीं. विधवेच्या दोन टोल्यांची गोष्टहि कोणास सांगावयास नको.

खरी अडचण पैसे जमल्यावर येते. एक म्हणतो, मीं पेटी दिली, माझा मुलगा पुढें बसावा. दुसरा म्हणतो, आमचेंच भजन शिकवा. वर्गणीदारास हिशेब मागण्याचा हक्क आहे आणि तो त्यानें निःसंकोच बजावावा. काय गावें व कोणीं पुढें बसावें, हें शिक्षकानें मुलांचे गळे पाहून ठरवावें.

याहून अवघड गोष्ट हलगीची आहे. आमच्या कित्येक वाचकांचे आजे-पणजे मातंग किंवा होलार घरांतले. सनई त्यांची, हलगी त्यांची. त्यांच्यावांचून गांवांत लग्न लागत नसे, आणि पंगतींत मात्र त्यांस जागा नसे. अंगणांत वाजवावें, शिळी भाकर न्यावी. असें वाजविणें ज्यांनीं सोडलें त्यांनीं योग्य केलें. त्यांनीं टाकिली ती ताबेदारी होती. पण हलगीचा ठेका तालाच्या शिक्षणास तबल्याइतकाच उपयोगी आहे, आणि तो जाणणारे म्हातारे अजून आहेत. अशा वादकास शाळेंत बोलवावें काय? आमचें मत बोलवावें असेंच आहे. परंतु मुलांनीं त्यास गुरुजी म्हणावें, खुर्ची द्यावी, आणि महिना भरतांच वर्गणींतून ठरलेलें वेतन त्याच्या हातीं पडावें. ज्यांचीं घरें एके काळीं त्यास भाकर टाकीत त्याच घरांनीं हे वीस रुपये द्यावयाचे आहेत. कांहीं घरें येथें हात आखडतील. तसें झालें तर उरलेल्यांनीं पंचवीस पंचवीस द्यावे, पण वादकास परत अंगणांत धाडूं नये.

वर्गणीस आरंभ ऊंसाचें बिल हातीं आल्यावर करावा. त्या वेळीं नाहीं म्हणणें जड जातें. त्याच हंगामांत कोयता घेऊन परगांवचीं कुटुंबें येतात आणि त्यांचीं मुलें चार-पांच महिने येथें राहतात. त्यांच्याकडून वर्गणी मागूं नये, आणि गायनाच्या तासास त्यांस मागें बसवूं नये.