टनामागे दहा रुपये

धाराशिव जिल्हा परिषदेतल्या एखाद्या कारकुनाचे पगारपत्रक पाहिले तर दर महिन्याला २०० रुपयांची एक कपात दिसते. फेब्रुवारीत ती ३०० होते. वर्षाचे झाले २५०० रुपये. हा व्यवसाय कर. महिना दहा हजारांच्या वर पगार घेणाऱ्या पुरुषाला तो पूर्ण लागतो. बायकांना पंचवीस हजारांपर्यंत माफ आहे. इथवर काही विशेष नाही. गंमत पुढे आहे. कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या कंपनीलाही स्वतःच्या नावाने हाच कर भरावा लागतो आणि तिचाही आकडा वर्षाला २५०० रुपयेच. मग तिची उलाढाल पाच लाखांची असो नाहीतर पाच हजार कोटींची.

यात कोणा अधिकाऱ्याची लबाडी नाही. राज्यघटनेच्या २७६व्या कलमानेच या कराला कमाल मर्यादा घातली आहे. ती आधी २५० रुपये होती, १९८८ साली २५०० झाली आणि तिथेच थांबली. त्यानंतर रुपया किती झिजला, कंपन्या किती फुगल्या, याचा त्या कलमाला पत्ता नाही.

धाराशिवच्या माणसाला या कराशी देणेघेणे असायचे कारण जुने आहे. १९७२चा दुष्काळ मराठवाड्यात ज्यांनी काढला, त्यांच्या बोलण्यात सुकडी आणि खडी फोडणे अजून येते. मे १९७३मध्ये महाराष्ट्रात जवळपास पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. ती कामे संपल्यावर काय, या प्रश्नातून रोजगार हमी योजना उभी राहिली. तिचा पहिला प्रयोग वि. स. पागे यांनी १९६५ साली सांगली जिल्ह्यातल्या तासगावात केला होता. पण मागेल त्याला काम द्यायचे तर रोजचा पैसा लागतो, आणि तो दिल्लीहून येणार नव्हता. म्हणून १९७५ साली व्यवसाय कर आला. जोडीला मोटार वाहनांवर, विक्रीकरावर आणि बागायती जमिनीवर अधिभार बसले आणि यातून जेवढा पैसा जमेल तेवढीच भर सरकारने स्वतःच्या तिजोरीतून घालायची असे ठरले. मुंबईच्या पगारदाराचा पैसा उस्मानाबादच्या, म्हणजे आजच्या धाराशिवच्या, पाझर तलावावर खर्च होऊ लागला. हक्काचे काम आणि त्यासाठी राखून ठेवलेला कर, अशी सांगड घालणारा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९पासून अमलात आला. देशाला हक्काच्या कामाचा कायदा करायला २००५ उजाडले.

रोजगार हमीचे कौतुक करताना तिच्या हिशेबाचा एक कोपरा मात्र नेहमी झाकलेला राहतो. पैसा पगारातून आला, पाटाच्या पाण्याखालच्या जमिनीतून आला, गाडीच्या चाकातून आला. नफ्यातून मात्र नावापुरता आला. श्रमिकांच्या चळवळींनी हमी मागितली, ती मोर्चे काढून, लाठ्या खाऊन मिळवली. कर कोणावर बसवायचा हे सरकारने ठरवले. भाई उद्धवराव पाटलांसारख्या शेतकरी कामगार पक्षाच्या नेत्याचा हा जिल्हा. इथे शेतसारा आणि लेव्ही यांवर भाषणे कमी झाली नाहीत. कंपनीचा ताळेबंद हा मात्र सभेचा विषय कधी झाला नाही. मागणीपत्रात मजुरी असते, बोनस असतो, थकबाकी असते. कराचे कलम नसते.

हेच आता उसात पाहू. कळंब, वाशी, भूम, परंडा या बालाघाटच्या अंगाखांद्यावरच्या तालुक्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात. नवराबायको मिळून एक कोयता. दोन माणसांना एक आकडा देणारी ही मोजणी या धंद्याचे निम्मे अर्थशास्त्र सांगून जाते. मुकादमाकडून उचल घ्यायची, ती पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कोपीत राहून फेडायची. जानेवारी २०२४मध्ये शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या मध्यस्थीने साखर संघ आणि ऊसतोड संघटना यांच्यात तीन वर्षांचा करार झाला, दरात ३४ टक्के वाढ मिळाली. टनाला २७३ रुपयांवरचा तोडणीदर ३६६च्या आसपास गेला. संप, कोयता बंद, वाटाघाटी असे सगळे होऊन मिळालेली ही वाढ खरीच होती.

ती कोणी दिली, हा प्रश्न मात्र नाजूक आहे. उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, कारखान्याच्या दारात पोचलेल्या उसाचा असतो. २०२५-२६च्या हंगामाला तो १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३५५० रुपये आहे. शेतकऱ्याच्या हातात यातले सगळे पडत नाहीत. तोडणी-वाहतुकीचा खर्च कारखाना आधी कापून घेतो. म्हणजे तोडणीदर वाढला की वाढीचा चटका पहिल्यांदा बसतो तो शेतकऱ्याच्या बिलाला. करारावर सही कारखानदाराची, पट्टीतली वजाबाकी शेतकऱ्याची. ढोकीच्या परिसरात दहा एकर ऊस असणारा आणि वाशीहून कोयता घेऊन निघणारा, हे दोघे एकमेकांकडे संशयाने पाहतात याचे कारण स्वभावात शोधायला नको, पट्टीत शोधावे.

२०१३च्या महाराष्ट्राच्या कायद्याने रंगराजन समितीचे सूत्र स्वीकारले: साखर आणि उपपदार्थांच्या उत्पन्नातले ७० टक्के शेतकऱ्याला, ३० कारखान्याला. नुसती साखर धरली तर ७५ आणि २५. या वाटणीत तोडणाऱ्याला स्वतंत्र पान वाढलेले नाही.

कराच्या बाबतीत साखर कारखान्यांनी स्वतः किती चिवट लढाई केली, हे ऊसतोड संघटनांनी जरूर अभ्यासावे. सहकारी कारखाने किमान दरापेक्षा जास्त भाव सभासदांना देत. प्राप्तिकर खाते म्हणे, हा जादा भाव म्हणजे नफ्याची वाटणी, त्यावर कर भरा. कारखाने म्हणत, हा तर कच्च्या मालाचा खर्च. वाद वर्षानुवर्षे चालला. तासगाव तालुका कारखान्याच्या नावाचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, २०१९मध्ये न्यायालयाने नफ्याचा भाग किती हे तपासायला प्रकरणे परत पाठवली. तोवर २०१५च्या वित्त कायद्याने पुढच्या वर्षांपुरती सोय केली होती. २०२३च्या अर्थसंकल्पाने मागची वर्षेही त्यात घेतली आणि सरकारच्या अंदाजाप्रमाणे सहकारी कारखान्यांना सुमारे दहा हजार कोटींचा दिलासा मिळाला. हा निर्णय चूक होता असे म्हणता येत नाही. शेतकऱ्याला दिलेल्या भावावर कर लावणे अडाणीपणाचेच होते. पण ज्या उसाच्या भावासाठी एवढी वर्षे वकील, शिष्टमंडळे आणि खासदार झिजले, तो ऊस तोडणाऱ्यांच्या वतीने या दहा हजार कोटींतला एक पैसाही कोणी मागितला नाही. मागायला हरकत नव्हती. सवलत देताना सरकार अटी घालू शकते, आणि अट सुचवण्याची वेळ सवलतीच्या आधीची असते.

एका ठिकाणी मात्र मागितले गेले. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ २०१९ साली कागदावर आले, नंतर सामाजिक न्याय विभागाकडे गेले, आणि त्याच्यासाठी गाळलेल्या उसाच्या प्रत्येक टनामागे कारखान्यांकडून दहा रुपये घ्यायचे ठरले. तितकीच भर सरकारची. ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. १९६९चा माथाडी कायदा अण्णासाहेब पाटलांच्या संघटनेने मिळवला. त्यात मालकाने मजुरीवर ठरावीक टक्के लेव्ही मंडळाकडे भरायची आणि मंडळाने त्यातून भविष्य निर्वाह निधी, रजा, बोनस द्यायचा. बांधकाम मजुरांसाठी १९९६च्या केंद्रीय कायद्याने बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर ठेवला. ठेकेदार, मुकादम, टोळी अशा साखळीत मालक सापडतच नाही तिथे मजुरी मागण्यापेक्षा धंद्यावर उपकर बसवणे जास्त टिकते, हे महाराष्ट्रातल्या असंघटित कामगार चळवळीचे खरे शहाणपण आहे. ते ज्यांनी शोधले त्यांना अर्थशास्त्रज्ञ म्हणून कोणी ओळखत नाही.

दहा रुपयांची बेरीज करून पाहण्यासारखी आहे. चांगल्या वर्षी महाराष्ट्रात १३०० लाख टनांच्या आसपास ऊस गाळला जातो. २०२१-२२मध्ये तसे झाले. त्याचे १३० कोटी, सरकारची भर धरून २६० कोटी. ऊसतोड मजूर दहा लाख धरले तर माणशी वर्षाला २६०० रुपये. म्हणजे जवळपास जिल्हा परिषदेतल्या कारकुनाच्या व्यवसाय कराएवढे. आणि पाऊस कमी झाला, गाळप घटले, की मजुराचे कामही घटते आणि त्याच्या कल्याणाचा निधीही. गरज वाढते तेव्हाच आटणारा हा झरा आहे. दर टनाऐवजी उत्पन्नावर, म्हणजे साखर, इथेनॉल, वीज यांच्या विक्रीवर उपकर बसला असता तर चित्र वेगळे दिसले असते. टनाची मोजदाद काट्यावर सोपी होते म्हणून टन निवडला गेला असावा.

सप्टेंबर २०२५मध्ये सीनेला पूर आला. परंड्यातली गावे पाण्याने वेढली, जनावरे वाहून गेली, माती खरवडून गेली. त्याच महिन्याच्या अखेरीस मंत्री समितीने पुढच्या हंगामासाठी टनामागे आणखी १५ रुपये घ्यायचे ठरवले: दहा मुख्यमंत्री सहायता निधीला, पाच पूरग्रस्त शेतकऱ्यांना. लगेच गदारोळ झाला. शेतकरी संघटना म्हणाल्या, हे तर आमच्याच बिलातून. सरकार म्हणाले, कारखान्यांच्या नफ्यातून. दोन्ही बाजू तावातावाने बोलल्या, पण कारखान्याचा नफा मुळात किती आणि वजाबाकी ताळेबंदाच्या कोणत्या ओळीत दिसेल, यावर फारसे कोणी बोलले नाही. परंड्याच्या ज्या शेतकऱ्याचा ऊस चिखलात आडवा झाला, त्याच्या उरल्यासुरल्या उसाच्या टनावरही तीच आकारणी होती.

दिल्लीत हाच खेळ मोठ्या आकड्यांत चालतो. २० सप्टेंबर २०१९ रोजी अर्थमंत्र्यांनी पणजीत पत्रकार परिषद घेऊन कंपनीकराचा मूळ दर ३०वरून २२ टक्क्यांवर आणला, नव्या उत्पादक कंपन्यांना १५ टक्के दिला. सरकारनेच सांगितलेली तूट वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींची. संसदेत चर्चा नंतर झाली, वटहुकूम आधी निघाला. २०२५-२६च्या अर्थसंकल्पात सरकारच्या दर रुपयात व्यक्तींच्या प्राप्तिकराचे २२ पैसे आणि कंपनीकराचे १७ पैसे आहेत. पगारदार कंपनीच्या पुढे गेला. जो प्राप्तिकर भरत नाही तोही सुटलेला नाही. कोयत्यावर जीएसटी नाही, शेतीचे अवजार म्हणून तो शून्य टक्क्यात बसतो. पण कोपीत पोराच्या हातात दिलेल्या बिस्किटाच्या पुड्यावर आधी १८ टक्के होता. सप्टेंबर २०२५मध्ये तो पाचावर आला, हे बरे झाले.

केंद्रीय कामगार संघटना अर्थसंकल्पाआधी अर्थमंत्र्यांना निवेदन देतात आणि त्यात कंपनीकर वाढवा, संपत्ती कर परत आणा अशी कलमे असतात. चहा होतो, फोटो निघतो. युरोपातल्या संघटनांनी वेगळी वाट धरली. २०१५ साली तिथल्या आणि अमेरिकेतल्या संघटनांनी मॅकडोनाल्ड्सचे हिशेब स्वतः वाचून अहवाल काढला: दुकाने युरोपभर, स्वामित्वधन लक्झेंबर्गला आणि त्यामुळे अब्जाहून अधिक युरोंचा कर बुडाला. युरोपीय आयोगाने चौकशी केली आणि २०१८मध्ये लक्झेंबर्गच्या वागण्यात बेकायदा काही नाही असा निर्वाळा दिला. संघटना तिथे हरल्या. पण फ्रान्समध्ये कामगार प्रतिनिधींच्या तक्रारीवरून सुरू झालेला तपास चालूच राहिला आणि जून २०२२मध्ये कंपनीने सव्वा अब्ज युरो भरून प्रकरण मिटवले. बटाटे तळणाऱ्या पोरापोरींच्या संघटनेला नफा कुठे जातो हे कळण्याचा एक व्यवहारी फायदा होता: दुकान तोट्यात आहे, पगार वाढवता येत नाही, असे तिला सांगता येईनासे झाले.

‘कारखाना तोट्यात आहे’ हे वाक्य धाराशिवात कोणाला नवीन नाही. ढोकीचा तेरणा बरीच वर्षे बंद राहिला आणि मग भाड्याने गेला. तोटा खरा असतो तेव्हाही तो कुठून आला याचा शोध घ्यावा लागतो: चढ्या व्याजाच्या कर्जातून, मळी आणि बगॅस कुणाला कोणत्या भावाने विकले यातून, का खरोखर उसाच्या टंचाईतून. सहकारी कारखान्याचा अहवाल सभासदाला तरी मिळतो. खासगी कारखान्याचा ताळेबंद कंपनी निबंधकाकडे फी भरून कोणालाही पाहता येतो. एखाद्या ऊसतोड संघटनेने एखादा सनदी लेखापाल हंगामापुरता नेमला तर त्याची फी मोर्च्याच्या ट्रकभाड्याहून कमी येईल.

२०२४च्या कराराची तीन वर्षे २०२५-२६च्या हंगामाबरोबर संपतात. पुन्हा साखर संकुलात बैठका होतील, पुन्हा टक्केवारीवर घासाघीस होईल. दराचा आकडा प्रत्येक टोळीला तोंडपाठ असतो. टनामागच्या दहा रुपयांचे काय झाले ते मुकादमालाही सांगता येत नाही. ग्रामसेवकाकडे नोंद होऊन ओळखपत्र मिळाले का, वसतिगृहात पोराला जागा मिळाली का, बैल मेला तर किती मिळते, एवढेच त्यातले गावापर्यंत पोचते. वसतिगृहे ४१ तालुक्यांत ८२ उभारायची होती. कारखानानिहाय गाळपाचे आकडे साखर आयुक्तालय हंगामभर जाहीर करते. पाच लाख टन गाळणाऱ्या कारखान्याने पन्नास लाख रुपये भरलेले असले पाहिजेत. भरले का, हे विचारायला कायदा बदलावा लागत नाही, पुण्यात महामंडळाच्या कार्यालयात एक अर्ज द्यावा लागतो.