आरामदायी गाडीची शक्ती वाढवावी का? रथ आणि सारथी यांचा विचार



सत्संगानंतरच्या प्रश्नोत्तरांत जप, ध्यान, प्रारब्ध यांविषयी प्रश्न येतात, तसे रोजच्या व्यवहारातलेही येतात. असाच एक प्रश्न कोलकात्याजवळच्या बराकपूरहून आला. मूळचे सातारा जिल्ह्यातले आणि नोकरीनिमित्त तिथे स्थायिक झालेले एक साधक विचारतात:

“तीन वर्षांपूर्वी मी एक आलिशान सेडान गाडी घेतली. गाडी अतिशय आरामदायी आहे. आई मागच्या सीटवर बसून शांतपणे जप करते, तिला प्रवास झाला हेही कळत नाही. आता माझ्या मनात येते की इंजिनाचे ट्यूनिंग करून शक्ती वाढवावी, सस्पेन्शन कडक करावे, रुंद चाके आणि वेगळा एक्झॉस्ट बसवावा. खर्च सुमारे तीन लाख येईल. पत्नी म्हणते, गाडीत काय कमी आहे? मी म्हणतो, पैसा माझ्या कष्टाचा आहे. अध्यात्माच्या दृष्टीने यात काही गैर आहे का?”

प्रश्न प्रांजळ आहे. “गाडी ही मायाच, सोडून द्या,” असे सांगून तो उडवून लावणे सोपे आहे. पण संसारात राहून साधना करणाऱ्याला अशा उत्तराचा उपयोग होत नाही. आपल्यापैकी कुणाची गाडी असेल, कुणाचे घर, कुणाचा मोबाइल, कुणाच्या मुलीचे लग्न. जे चांगले चालले आहे त्यात आणखी भर घालावीशी वाटते, त्या क्षणी नेमके काय पाहावे, हे आज समजून घेऊ.

शक्ती वाढवणे मुळात दोष नाही

बराकपूर हुगळीच्या पूर्व तीरावर आहे. नदीने थोडे खाली गेले की पलीकडच्या तीरावर उत्तरपाडा लागते. इथेच हिंदुस्थान मोटर्सचा कारखाना होता. २०१४ पर्यंत अॅम्बॅसडर गाड्या इथेच तयार होत. याच कारखान्यातून १९८४ मध्ये काँटेसा नावाची गाडी बाहेर पडली. लांबरुंद, ऐसपैस, मऊ बैठकीची. इंग्लंडमधल्या व्हॉक्सहॉल कंपनीच्या गाडीचा तो साचा होता. त्या काळात मंत्र्यांच्या आणि उद्योगपतींच्या दारात काँटेसा उभी असणे ही प्रतिष्ठेची गोष्ट होती.

पण तिच्यात एक उणीव होती. एवढ्या जड गाडीला इंजिन मिळाले होते ते अॅम्बॅसडरचेच, दीड लिटरचे, सुमारे पन्नास अश्वशक्तीचे. चार माणसे बसली आणि चढ आला की इंजिनाची दमछाक होई. पुढे कंपनीने जपानच्या इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन आणि त्याबरोबर पाच गतींचा गिअरबॉक्स बसवला, आणि काँटेसा खऱ्या अर्थाने सुखाची गाडी झाली. आपल्या मुंबईतही असेच घडले. कुर्ल्याच्या प्रीमियर कंपनीने ११८ एनई ही गाडी काढली, तिचा सांगाडा फियाटचा आणि इंजिन निस्सानचे होते.

म्हणून शक्ती वाढवण्याला सरसकट नावे ठेवू नयेत. काँटेसाला बळ मिळाले ते गरजेपोटी. बळ कमी असल्यामुळे आत बसणाऱ्यालाच त्रास होत होता. शिवाय तो बदल अभियंत्यांनी विचारपूर्वक, इंजिनाबरोबर गिअरबॉक्सही बदलून केला. हेतू, प्रमाण आणि जाणकारी या तिन्ही गोष्टी तिथे होत्या. शरीर अशक्त असेल तर पौष्टिक आहार घेणे हा भोग नव्हे, ते कर्तव्य आहे. यंत्राचेही तसेच.

उणीव आहे, की तुलना?

आता आपल्या साधक बंधूंच्या गाडीकडे पाहू. ती चढावर दमते का? आईला त्रास होतो का? त्यांच्याच शब्दांत सांगायचे तर प्रवास झाला हेही कळत नाही. मग उणीव कुठे आहे?

अधिक विचारणा केली तेव्हा त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले की कार्यालयातल्या एका सहकाऱ्याने नुकतीच वेगवान गाडी घेतली आहे. सिग्नल सुटला की ती झर्रकन पुढे जाते. तेव्हापासून आपली गाडी “म्हाताऱ्या माणसाची गाडी” वाटू लागली. म्हणजे गाडी कालच्याइतकीच उत्तम आहे. शेजारी दुसरी गाडी उभी राहिली, एवढाच बदल झाला. ही उणीव गाडीतली नाही, तुलनेतून जन्मलेली आहे. आणि तुलनेतून जन्मलेली उणीव कोणत्याही सुट्या भागाने भरून निघत नाही, कारण पुढच्या सिग्नलला याहूनही वेगवान गाडी उभी असतेच.

याचा एक ऐतिहासिक दाखला खुद्द बराकपूरमध्येच आहे. लॉर्ड वेलस्ली १७९८ ते १८०५ या काळात गव्हर्नर जनरल होता. कोलकात्यात त्याने स्वतःसाठी भव्य प्रासाद बांधला. तो १८०३ मध्ये पूर्ण झाला आणि पुढे राज्यपालांचे निवासस्थान झाला. एवढे झाल्यावरही त्याचे समाधान झाले नाही. बराकपूरला नदीकाठी दुसरा मोठा राजवाडा त्याने बांधायला घेतला. शेवटी लंडनमधल्या कंपनीच्या संचालकांनी त्याच्या खर्चाला हरकत घेतली, त्याला परत जावे लागले आणि राजवाडा अर्धवट राहिला. ज्याच्याकडे एक महाल होता, त्याला तो महालही पुरला नाही. “आणखी थोडे” याला आतून थांबा नसेल तर तो बाहेरून येतो, आणि बाहेरून येणारा थांबा नेहमी अपमान घेऊन येतो.

वेगाबरोबर आणखी काय वाढते?

इच्छा झाली की मनाला फक्त मिळणारी गोष्ट दिसते, तिच्याबरोबर येणाऱ्या गोष्टी दिसत नाहीत. साधकाने त्या डोळे उघडून पाहाव्यात.

पहिली गोष्ट भौतिकशास्त्राची. वेग दुप्पट झाला की गाडीतली गतिज ऊर्जा चौपट होते. ताशी ५० किलोमीटरने धावणारी गाडी ब्रेक दाबल्यावर जितक्या अंतरात थांबते, त्याच्या साधारण चौपट अंतर तिला ताशी १०० किलोमीटरला लागते. ब्रेक आणि टायर तेच ठेवून केवळ शक्ती वाढवणे म्हणजे संयम न वाढवता सामर्थ्य मिळवणे. आपल्या पुराणांतले अनेक असुर असेच घडले. त्यांनी तप केले, वर मिळवला, मात्र आवर कमावला नाही.

दुसरी गोष्ट यंत्राची. गाडी बनवणाऱ्याने इंजिनाची पूर्ण ताकद वापरलेली नसते. उन्हाळा, कमीअधिक प्रतीचे इंधन, गिअरबॉक्सची सहनशक्ती यांसाठी त्याने काही राखून ठेवलेले असते. ट्यूनिंगमध्ये आपण ती राखीव ठेवच खर्च करतो. सस्पेन्शन कडक केले आणि बारीक कडेचे रुंद टायर लावले की रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा थेट पाठीपर्यंत पोहोचतो. ज्या आरामासाठी गाडी घेतली, तोच तीन लाख देऊन विकायचा, असा हा व्यवहार आहे.

तिसरी गोष्ट कायद्याची. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा फेरफारासाठी प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. वॉरंटी आणि विमा यांचेही प्रश्न उभे राहतात. यम-नियमांतला पहिला यम अहिंसा आहे. रस्त्यावर अहिंसा पाळायची म्हणजे इतरांच्या जिवाला आपल्या हौसेमुळे धोका होऊ द्यायचा नाही.

आणि चौथी गोष्ट रस्त्याची. बराकपूरहून दक्षिणेश्वरला आईला दर्शनाला न्यायचे तर बी. टी. रोडने जायचे. त्या रस्त्यावर बस, टोटो, सायकली आणि पायी चालणारी माणसे यांची दाटी असते. तिथे वाढवलेली शक्ती वापरायची कुठे? जी शक्ती वापरता येत नाही, ती फक्त मिरवता येते.

नचिकेताने परत केलेले रथ

कठोपनिषदातली नचिकेताची कथा आपण सर्व जाणतो. यमाच्या दारात तीन रात्री उपाशी राहिलेल्या या बालकाला तीन वर मिळतात. तिसऱ्या वरात तो मृत्यूपलीकडचे ज्ञान मागतो. यम त्याला परोपरीने वळवू पाहतो. शंभर वर्षे जगणारे पुत्र-पौत्र घे, हत्ती-घोडे घे, सोने घे, रथांसह अप्सरा घे, पण हे विचारू नकोस. नचिकेत नम्रपणे म्हणतो की हे सारे उद्यापर्यंतही टिकेल याचा भरवसा नाही, इंद्रियांचे तेज यात झिजून जाते, तेव्हा तुमची वाहने तुमच्यापाशीच असू द्या.

यापुढचा भाग फार सुंदर आहे. रथ नाकारणाऱ्या या बालकाला यम जेव्हा ज्ञान देतो, तेव्हा दृष्टान्त देतो तो रथाचाच. शरीर हा रथ आहे, आत्मा हा रथात बसलेला स्वामी, बुद्धी सारथी, मन लगाम, इंद्रिये घोडे आणि विषय हे घोड्यांचे मार्ग. ज्याने बाहेरचा रथ परत केला, त्यालाच आतल्या रथाचे रहस्य मिळाले.

या रथात घोडे सशक्त असावेत, हे खरेच. परंतु सारथी झोपला असेल तर घोडे जितके सशक्त तितका धोका मोठा. आज बाजारात घोड्यांची शक्ती वाढवणारे पुष्कळ आहेत, अश्वशक्ती हा शब्दच घोड्यांवरून आला आहे. सारथ्याची शक्ती वाढवण्याचे ठिकाण कोणते? ते म्हणजे स्वाध्याय, सत्संग आणि साधना.

थोर कोण, थोर काय?

आपल्या महाराष्ट्रात आळंदीची एक आख्यायिका घरोघरी सांगितली जाते. चौदाशे वर्षांचे योगी चांगदेव ज्ञानेश्वरांच्या भेटीला निघाले. वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन. त्यांच्या आधी त्यांचे कोरे पत्र पोहोचले होते. पत्र कोरे का राहिले? वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा, की ज्ञानाने मोठे म्हणून नमस्कार लिहावा, हेच त्यांना ठरवता येईना. म्हणजे एवढ्या सिद्धींच्या मागेही अडचण होती ती तुलनेचीच. चारही भावंडे ज्या भिंतीवर बसली होती ती भिंतच पुढे चालू लागली, आणि चांगदेव वाघावरून उतरले. पुढे मुक्ताबाई त्यांच्या गुरू झाल्या. वाहन मोठे असल्याने बसणारा मोठा होत नाही, हे त्या दिवशी त्यांना कळले.

मात्र इथे एक सावधगिरी हवी. गाडीत बदल न करणाऱ्यालाही अहंकार होऊ शकतो. “मी साधा, मी असल्या मोहात पडत नाही,” असे चारचौघांत सांगत फिरणे हाही तुलनेचाच दुसरा रस्ता आहे. ज्याला यंत्राची मनापासून आवड आहे, त्याने ती दाबून टाकावी असेही नाही. इंजिन कसे चालते हे शिकावे, स्वतः हात काळे करावेत, वेगाची हौस असेल तर योग्य सुरक्षेसह, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली शर्यतीच्या बंदिस्त मार्गावर जावे. तिथे वेगालाही शिस्त असते. घरची गाडी मात्र एकट्याची नसते. तिच्यावर आईच्या जपाचा, मुलांच्या झोपेचा आणि पत्नीच्या निश्चिंतपणाचाही हक्क असतो. “पैसा माझा आहे” हे खरे असेल, पण गाडीतली शांतता सर्वांची आहे.

काय करावे?

गाडी असो वा दुसरी कोणती वस्तू, भर घालण्यापूर्वी साधकाने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. ही उणीव वस्तूत आहे, की मी कुणाकडे तरी पाहिल्यावर जन्मली? शक्तीबरोबर आवरही तितकाच वाढतो आहे का? आणि ज्यांना या बदलासह जगायचे आहे, त्यांची मनापासून संमती आहे का? तिन्ही उत्तरे अनुकूल असतील आणि कायदा परवानगी देत असेल, तर संकोच न करता तो बदल करावा. एकही उत्तर अडले, तर चाळीस दिवस थांबावे. खरी गरज चाळीस दिवसांत जात नाही, उलट अधिक स्पष्ट होते. तुलना मात्र तेवढ्या काळात बहुधा विरून जाते.

थांबण्याच्या त्या काळात गाडीची सेवा करावी. टायर झिजले असतील तर चांगल्या प्रतीचे बसवावेत, ब्रेक पॅड आणि ब्रेक ऑइल तपासावे, चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावे. हा खरा सुधार आहे, यात आराम वाढतो आणि सुरक्षितताही. उरलेल्या रकमेतला काही भाग ज्याला दोन चाकांचीही सोय नाही अशा एखाद्या विद्यार्थ्याच्या शिक्षणासाठी द्यावा. आणि रोज गाडी सुरू करण्यापूर्वी क्षणभर डोळे मिटून आतल्या सारथ्याला विचारावे, “जागा आहेस ना?”

आपणा सर्वांचा आतला सारथी सदैव जागा राहो, लगाम त्याच्या हाती राहो आणि आपला प्रवास आपल्याबरोबर बसलेल्यांनाही सुखाचा होवो, हीच ईश्वरचरणी प्रार्थना.