तलाव खणायच्या आधी मानस बघा

मोबाइल बॅगेत ठेवा. मागच्या बाकांवरची कुजबुज बंद. प्रकल्प-अहवाल परत देते आहे, पण त्याआधी चार शब्द ऐकून घ्या, कारण हे अहवाल वाचताना मला जो संताप आला तो समासात लाल शाईने लिहून संपणारा नाही.

विषय काय दिला होता? खाजन, म्हणजे खाडीकाठी बांध घालून काढलेल्या जमिनीतले मत्स्यसंवर्धन आणि पाणथळीचे रक्षण. त्यासाठी मांडवीच्या काठाने, भर उन्हात, तुम्हाला बांधावरून चालवत नेले. तिथे तुम्ही काय केलेत? फोटो काढलेत. मागे कांदळवन, पुढे तुम्ही, सगळ्यांचे दात दिसताहेत. तो फोटो प्रत्येक अहवालाच्या मुखपृष्ठावर आहे. आत मात्र मानशीबद्दल, म्हणजे बांधातल्या त्या दाराबद्दल, एक धड वाक्य नाही. एका गटाने लिहिले आहे की ‘पाहणीच्या वेळी दाराच्या फळ्या आपोआप हलत होत्या, यावरून दुरुस्तीकडे दुर्लक्ष झाल्याचे दिसते.’ अरे, त्या आपोआप हलतात म्हणूनच खाजन जिवंत आहे! हलायच्या थांबल्या की समजायचे, दुर्लक्ष झाले.

आता नीट ऐका, पुन्हा सांगणार नाही. भरती चढू लागली की बाहेरचे खारे पाणी दाराच्या फळ्यांवर रेटा देते आणि दार मिटते. ओहोटी लागली, बाहेरची पातळी उतरली, की आतले पाणी दार ढकलून खाडीत जाते. ना मोटर, ना वीज. दाराच्या आत पोय, म्हणजे खाजनातला सगळ्यात सखल भाग. पाणी तिथे साठते, मासे तिथे राहतात. तिच्याहून उंचावर शेते. पावसाने जमिनीतले मीठ धुऊन नेले की तिथे कोरगूट पेरायचे, कारण उरलेला खारेपणा तो भात सोसतो. कापणी झाली की भरतीचे पाणी बेताने आत घ्यायचे, त्याबरोबर सुंगटे, शेवटे, चोणक, कालुंदर आत येतात, वाढतात. ओहोटीला दाराशी जाळे लावून ते धरायचे. मिरग यायच्या आत खारे पाणी काढून टाकायचे. एकच दार भाताचे रक्षण करते आणि मासेही देते. गोव्यात अशी सुमारे १८,००० हेक्टर जमीन आहे, आणि ती आपल्या वाडवडिलांनी चिखल, पेंढा आणि चिरे एवढ्या सामानावर खाडीतून बाहेर काढली. तुम्ही ती दुपारभर तुडवलीत आणि लिहिलेत काय, तर ‘पारंपरिक, अविकसित पद्धत’.

पहिल्या गटाने तर कमाल केली आहे. खाजनात व्हॅनामी कोळंबीचे तलाव खणायचे, त्यासाठी काठावरची थोडी कांदळे काढायची, आणि कोळंबीचे बीज ‘उरलेल्या कांदळवनातून नैसर्गिकरीत्या’ मिळवायचे. गटप्रमुख, उभा राहा. व्हॅनामी कुठली? मेक्सिको ते पेरूच्या पॅसिफिक किनाऱ्याची. भारतात तिच्या संवर्धनाला परवानगी मिळाली २००९ साली. तिचे बीज परवानाधारक हॅचरीतून येते. मांडवीच्या कांदळांत ती तुला कुठे सापडणार? ज्या सुंगटांची पिल्ले खरोखर कांदळांच्या मुळांत वाढतात, त्यांचे घर तू तिसऱ्या पानावर तोडलेस आणि पाचव्या पानावर त्यांचेच बीज मागितलेस. दोन पानांच्या मध्ये झोप लागली होती का? बस.

आणि खणणार कुठे, याचा विचार केलात? मातीचा तास झाला तेव्हा वर्गात कोण होते, हे मी हजेरीपटात बघू शकते. कांदळाच्या चिखलात पायराइट असते. पाण्याखाली आहे तोवर ते गुमान पडून असते. खणून वर काढले, हवा लागली, की त्याचे आम्ल होते. ते तलावात उतरते, कोळंबी अशक्त होते, मग चुन्याच्या गोणीमागून गोणी ओतायच्या. कांदळवन तोडून केलेले कितीतरी तलाव जगभर काही वर्षांतच टाकून द्यावे लागले, त्यामागे रोगराईबरोबर हेही एक कारण होते. तुमच्या जमाखर्चात चुन्याला एक ओळ नाही. शिवाय किलोभर कोळंबीमागे किलो-सव्वा किलोहून अधिक खाद्य लागते. न खाल्लेले खाद्य आणि विष्ठा घेऊन ते पाणी जाणार शेजारच्याच खाडीत. त्यालाही ओळ नाही. नफ्याची ओळ मात्र ठळक अक्षरांत, खाली दोन रेघा मारून.

हे सगळे आपल्या देशात एकदा होऊन गेले आहे, तुमच्या जन्माच्या आधी. नव्वदीच्या दशकात तमिळनाडू आणि आंध्रच्या किनाऱ्यावर भातशेते विकत घेऊन कोळंबीचे तलाव खणले. विहिरी खारट झाल्या, शेतमजुरांचा रोजगार गेला, आणि १९९४-९५ च्या सुमारास पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाने तलावच्या तलाव बसवले. ऐंशीच्या आसपासचे सर्वोदयी एस. जगन्नाथन त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. ११ डिसेंबर १९९६ चा निकाल: किनारा नियमन क्षेत्रातले, म्हणजे सीआरझेडमधले, असले तलाव काढून टाका. आणि त्यातून वगळले काय, तर पारंपरिक आणि सुधारित पारंपरिक पद्धती. म्हणजे तुम्ही ज्याला ‘अविकसित’ म्हणून नाक मुरडलेत, नेमके तेच न्यायालयाने हात न लावता ठेवले. निकालाची अंमलबजावणी पुढे रेंगाळली, २००५ साली संसदेने तटीय जलसंवर्धनाचा वेगळा कायदा आणि प्राधिकरण केले, तो भाग वेगळा. तो परीक्षेला आहे. पण २०११ च्या सीआरझेड अधिसूचनेत खास गोव्यासाठी लिहिले आहे की खाजन जमिनींचे नकाशे करावेत, तिथल्या कांदळांचे रक्षण करावे आणि खाजनात विकासकामांना परवानगी देऊ नये. तुमच्या अहवालाचे शेवटचे प्रकरण आहे ‘विकास आराखडा’. रंगीत आहे, छापायला बराच खर्च आला असेल.

आता दुसरा गट. हसू नका, तुमचीही पाळी आहे. तुम्ही निसर्गप्रेमी. तुमचे म्हणणे, खाजनातली मासेमारी बंद करावी, माणसांचा वावर थांबवावा, जमीन निसर्गाच्या हवाली करावी. वाचायला फार छान. पण खाजन हे रान नाही. बांधात खेकडे बिळे करतात, नदीतून जाणाऱ्या बार्जच्या लाटा बांधाचा पाया खातात. दरवर्षी चिखल चढवला नाही तर एखाद्या मोठ्या उधाणाला खांड पडते. खारे पाणी शेतात घुसते, आणि काही वर्षांत तिथे कांदळ उगवते. कांदळ उगवले की कायद्याने संरक्षित. शेतकऱ्याला कोयता लावता येत नाही. भात गेले, बांध गेला, पोय गाळाने भरली. बांधाच्या बाहेर कांदळ हवेच, लाटांचा मार तेच झेलते. आत ते शेताच्या छाताडावर उगवले तर तुम्ही टाळ्या वाजवणार का? आणि पडीक झालेल्या जमिनीकडे भराव टाकायला टपलेल्यांचे लक्ष आधी जाते, पाणमांजरांचे नंतर.

चोडणच्या सलीम अली अभयारण्याचे क्षेत्र १७८ हेक्टर, असे पाठ करून लिहिलेत. बरोबर आहे, गुण दिले. पण तिथले बगळे, खंड्या, पाणमांजरे खायला आसपासच्या खाजनांत उतरतात, कारण तिथे पोयीत मासे आहेत. मासे आहेत, कारण कोणीतरी दार सांभाळतो. त्या माणसाला तुम्ही ‘मानवी हस्तक्षेप’ म्हटलेत.

मुख्य प्रश्न दोन्ही गटांच्या डोक्यावरून गेला. मानशीची पावणी, म्हणजे लिलाव, होते. वर्षभर मासे धरण्याचा हक्क बोलीत जो घेतो त्याला पैसे वसूल करायचे असतात. भरतीला दार जास्त वेळ उघडे ठेवले की सुंगटे जास्त येतात, पाणीही जास्त येते. ते शेतापर्यंत चढू नये म्हणून पूर्वी भात करणारे शेतकरीच पहारा ठेवत. भात आहे तोवर माशाला मर्यादा आहे. ज्या गावात शेती सुटली तिथे पावणीच्या पैशाखेरीज कोणाला कशात रस उरत नाही. दार उघडे राहते, पोय खरवडून खोल होते, बांध आतल्या बाजूने ढासळतो. मत्स्यशेती आणि रक्षण यांचे भांडण त्या दाराच्या फळीवर चालते, आणि तुम्ही ते इंटरनेटवर शोधत बसलात.

तेव्हा अहवाल पुन्हा लिहायचे. सगळ्यांनी. शनिवारी ओहोटीला त्याच बांधावर यायचे. पावणीच्या करारात अटी कोणत्या आहेत, ते कूळ संघटनेला विचारा. पोयीतल्या पाण्याची कमाल पातळी कोण ठरवते, तिची खूण कुठे आहे. जाळ्याचे डोळे किती बारीक आहेत. पावसाआधी खारे पाणी कधी काढले. पावणीतले किती पैसे गेल्या वर्षी बांधावर खर्च झाले. मानस घेतलेला जो माणूस भेटेल त्याच्याशी अदबीने बोला, त्याला शिकवायला जाऊ नका. शेजारी भात करणारी बाई असेल तर तिचेही ऐका, तिचे म्हणणे बहुतेक उलट असेल, दोन्ही लिहा. सुधारणा सुचवायच्या असतील तर खुशाल सुचवा: खेकड्यांचे संवर्धन असो, कालवे असोत, चोणकाचे बीज असो. पण त्यासाठी दार किती वेळ उघडे लागेल आणि त्याने कोणाचे शेत भिजेल, हे त्याच पानावर हवे.

बुटांचे हाल होतील, जुनी चप्पल घाला. पाण्याची बाटली आणा आणि रिकामी परत न्या. फोटो एकच, तोही दाराचा, त्यात तुम्ही कोणी नको. चला, रोल नंबर एक, ये पुढे, घेऊन जा तुझा अहवाल.