आवड, साधारणीकरण आणि भिंतीवरील एक छायाचित्र

‘मला हे आवडते’ या विधानाला आपल्या समीक्षाव्यवहारात फारशी प्रतिष्ठा नाही. पदव्युत्तर वर्गात एखाद्या विद्यार्थिनीने कवितेविषयी असे म्हटले की आपण शिक्षक तिला तत्काळ ‘का?’ असे विचारतो; आणि ती कारणे देऊ लागली की मूळची आवड मागे पडून मूल्यमापन पुढे येते. कांटने १७९० मध्ये प्रिय आणि सुंदर यांच्यात जी रेषा ओढली ती आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे, की आवड ही जिभेची, घराची, सवयीची बाब आणि सौंदर्यनिर्णय मात्र सर्वांच्या वतीने केलेला, असे आपण गृहीतच धरतो. चहात आले किती असावे, सणाला कोणते लुगडे नेसावे, अल्बममधील कोणते छायाचित्र पाहुण्यांना दाखवावे, या गोष्टी आवडीच्या प्रांतातल्या. त्यांविषयी वाद संभवत नाही असे मानले जाते. (प्रत्यक्षात घरोघरी सर्वाधिक वाद याच गोष्टींवरून होतात, हा भाग वेगळा.)

मला जो प्रश्न मांडावयाचा आहे तो या रेषेच्या अलीकडचा की पलीकडचा, हे मला अद्याप नीट ठरविता आलेले नाही. दुसऱ्याच्या दुःखाचे, प्रत्यक्ष घडलेल्या दुःखाचे छायाचित्र ‘आवडते’ असणे म्हणजे काय?

माझ्या अभ्यासिकेच्या भिंतीवर डोरोथिया लँग यांच्या ‘मायग्रंट मदर’ या छायाचित्राची प्रत अनेक वर्षे लावलेली आहे. हे माझे आवडते छायाचित्र. कारणे विचारली तर वर्गात शोभतील अशी देता येतात. दोन मुलांनी कॅमेऱ्याकडे पाठ करून आईच्या खांद्यांवर माना टेकल्या आहेत, त्यामुळे सबंध चित्राला चेहरा असा एकच उरतो. मांडीवरचे तान्हे जवळजवळ दिसतच नाही. गालापाशी नेलेला हात आणि चौकटीबाहेर कुठेतरी गेलेली नजर यांच्यात एक ताण आहे. मर्ढेकरांच्या परिभाषेत बोलावयाचे तर संवाद, विरोध आणि समतोल ही तिन्ही तत्त्वे येथे दाखवून देता येतील. मी ती दाखवूनही दिली आहेत.

सासरे गेल्यानंतर सासूबाई सातारा जिल्ह्यातील गाव सोडून आमच्याकडे राहावयास आल्या. डोळ्यांत मोतीबिंदू होता. त्या चित्रापाशी थांबून त्यांनी विचारले, “तुज्या माहेरची हाय का गं ही?” मी नाही म्हटले. “मग कुनाची?” कोणाचीच नाही, अमेरिकेतली आहे, असे काहीसे उत्तर मी दिले. त्यावर त्यांचा पुढचा प्रश्न होता, “गेली का?”

हा प्रश्न चमत्कारिक नव्हे. त्यांच्या घरात, आणि माझ्याही माहेरी, भिंतीवर देव असतात किंवा गेलेली माणसे असतात. जिवंत माणसांची छायाचित्रे ट्रंकेत, नंतरच्या काळात अल्बममध्ये. भिंतीवर चढणे हा मृत्यूनंतरचा मान आहे, आणि तो नात्याने मिळतो. नात्याची नाही, गेली की आहे हे ठाऊक नाही, अशा बाईला मी भिंतीवर का लावले होते, हे त्यांना कळेना. खरे म्हणजे गेली की आहे हे मला ठाऊक होते. नावही ठाऊक होते. पण विचारल्यावर जिभेवर आले ते ‘कोणाचीच नाही’.

छायाचित्राची हकीकत अभ्यासकांना परिचित आहे. तरी आवश्यक तेवढी सांगते. मार्च १९३६ मध्ये लँग या अमेरिकी केंद्र शासनाच्या रीसेटलमेंट अॅडमिनिस्ट्रेशनसाठी कॅलिफोर्नियात काम करीत होत्या. महिन्याभराची फिरती आटोपून त्या घरी निघाल्या होत्या. निपोमो येथे वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळाची पाटी त्यांनी ओलांडली, सुमारे वीस मैल पुढे गेल्या आणि परत फिरल्या. थंडीने पीक गेले होते, काम नव्हते. कनातीखाली बसलेल्या एका स्त्रीची त्यांनी काही मिनिटांत मोजकी छायाचित्रे घेतली. प्रत्येक वेळी थोडे अधिक जवळ जाऊन. एरवी मजुरांच्या बोलण्याची काळजीपूर्वक टिपणे ठेवणाऱ्या लँग यांनी या वेळी नाव विचारले नाही. हे त्यांनीच १९६० मध्ये लिहून ठेवले आहे. वय तेवढे कळले : बत्तीस.

नाव कळावयास १९७८ साल उजाडले. फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्प्सन ही जन्माने चेरोकी, म्हणजे अमेरिकेच्या मूळ रहिवाशांपैकी होती. ज्या चेहऱ्यात बेचाळीस वर्षे लोकांनी पांढरपेशा युरोपीय मॅडोना पाहिली, तो चेहरा ज्यांची भूमीच हिरावली गेली अशा लोकांतला होता. छायाचित्रातून आपल्याला एक पैसाही मिळाला नाही, ते घेतले गेले नसते तर बरे झाले असते, अशी तिची भावना होती. गाडीची चाके विकून कुटुंबाने अन्न घेतले, ही लँग यांच्या लेखातील हकीकत मुलांनी नाकारली; त्यांच्या मते ती आपली गोष्टच नव्हे. (लँग यांनाही या चित्रातून वेतनापलीकडे काही मिळाले नाही, हेही नोंदविले पाहिजे. शासकीय काम असल्याने चित्र सर्वांचे झाले. म्हणूनच ते माझ्या भिंतीवर इतक्या स्वस्तात येऊ शकले.)

लँग यांच्याविषयी आणखी एक गोष्ट मला विसरता येत नाही. मंदीच्या त्या वर्षांत त्यांनी स्वतःच्या दोन्ही मुलांना दुसऱ्यांच्या घरी पैसे देऊन ठेवले होते. आपली मुले जवळ नसलेली स्त्री, मुले अंगाला चिकटलेल्या स्त्रीचे छायाचित्र घेत होती. यावरून काही अनुमान काढणे मला उचित वाटत नाही. पण दोघींची बाजू एकाच वेळी मनात धरल्याशिवाय या चित्राकडे पाहता येत नाही, एवढे खरे.

आता सिद्धान्ताकडे वळते. दुःखाच्या दर्शनातून आस्वाद कसा संभवतो, या प्रश्नाचे आपल्या परंपरेतील सर्वांत समर्थ उत्तर साधारणीकरण हे आहे. भट्टनायकाने मांडलेली आणि अभिनवगुप्ताने परिष्कृत केलेली ही कल्पना सांगते, की रंगभूमीवरील शोक हा ‘माझा’ नसतो, ‘परक्याचा’ही नसतो, स्थळ, काळ, व्यक्ती यांची बंधने सुटलेला तो शोक आस्वाद्य होतो. अभिनवगुप्ताने जी रसविघ्ने सांगितली त्यांत हे आपले, ते परक्याचे असा स्थळकाळाचा आग्रह हे एक विघ्न आहे, आणि स्वतःच्या सुखदुःखात गुंतून जाणे हे आणखी एक. या कसोटीवर माझ्या सासूबाई अरसिक ठरतात. ‘कोणाची?’ आणि ‘गेली का?’ हे दोन्ही प्रश्न विघ्नांच्या यादीत सरळ बसतात.

पण साधारणीकरणाचा सिद्धान्त नाट्याविषयीचा आहे, हे आपण ते सर्व कलांना लावताना विसरतो. सीतेच्या शोकाचे साधारणीकरण झाल्याने सीतेचे काहीही बिघडत नाही. नटी तर प्रयोगानंतर घरी जाते. दस्तऐवजी छायाचित्रात मात्र विभाव हा रक्तामांसाचा आहे आणि प्रयोग संपत नाही. फ्लोरेन्स थॉम्प्सनचे नाव, जात, गाव, तिच्या चाकांची खरी हकीकत हे सर्व गळून पडले तेव्हा ती ‘माता’ झाली. येथे साधारणीकरणाला किंमत पडते, आणि ती प्रेक्षक भरत नाही. आपल्या सौंदर्यशास्त्राने, निदान माझ्या वाचनात, या खर्चाचा हिशेब कधी मागितलेला नाही. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) लौकिकतावाद आणि अलौकिकतावाद या दोन ध्रुवांमधील ताण मांडला. त्या ताणाचे हे एक टोकाचे उदाहरण म्हणता येईल. फरक इतकाच की येथील लौकिक बाजूला स्वतःचा आवाज होता आणि तिने बेचाळीस वर्षांनी तक्रार केली.

यावर एक आक्षेप सहज सुचतो व तो हलका नाही. नावगाव सुटले नसते तर हे चित्र कोणाच्या अंतःकरणाला भिडले असते? चित्रे वृत्तपत्रात आल्यावर शासनाने तळाकडे अन्न पाठविले. (ते पोहोचेपर्यंत हे कुटुंब पुढे निघून गेले होते.) एडवर्ड स्टायकेन यांनी १९५५ मध्ये न्यूयॉर्कला भरविलेले ‘फॅमिली ऑफ मॅन’ हे प्रदर्शन याच श्रद्धेवर उभे होते : जन्म, लग्न, श्रम, मृत्यू सर्वत्र सारखे, म्हणून माणूस एक कुटुंब. अडुसष्ट देशांतील ५०३ छायाचित्रे त्यात होती. रोलाँ बार्थ यांनी ‘मिथॉलॉजीज’मध्ये (१९५७) त्यावर जो आघात केला तो प्रसिद्ध आहे, जन्ममृत्यूला निसर्ग ठरविले की कोण कसा जन्मतो आणि कशाने मरतो हा इतिहास नाहीसा होतो, असे त्यांचे म्हणणे. मला ते पटते. तरी ‘कुटुंब’ हा शब्द स्टायकेन यांनी फार सैल वापरला, असेही मी म्हणेन. कुटुंबात सारखेपणा नसतो, नावे असतात. कोण कोणाचे, हे ठाऊक असणे यालाच कुटुंब म्हणतात.

बार्थ यांनी पुढे स्वतःच्या उदाहरणाने हे दाखविले. १९७७ मध्ये त्यांची आई वारली. जुनी छायाचित्रे चाळताना पाच वर्षांच्या मुलीच्या एका चित्रात त्यांना ती सापडली, आणि १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘कॅमेरा ल्युसिडा’ या पुस्तकाचा उत्तरार्ध त्या चित्राभोवती उभा राहिला. पण पुस्तकात इतर अनेक छायाचित्रे असूनही हे एक छापलेले नाही. ते फक्त आपल्यासाठी आहे, इतरांना ते कोणतेही एक सामान्य चित्र वाटेल, हे त्यांचे कारण. एक आई अशी की तिचे चित्र मुलाने जगाला दाखविले नाही. दुसरी अशी की तिचे चित्र जगाने तिच्या मुलांकडे ठेवलेच नाही. पहिल्या चित्राविषयी ‘आवडते’ हा शब्द वापरण्याचा अधिकार एकाच माणसाला होता. दुसऱ्याविषयी तो कोणालाही आहे. मी तो वापरीत आले.

हे सर्व मी सासूबाईंना सांगितले नाही. हकीकत तेवढी सांगितली. त्या ऐकत होत्या आणि मध्येच म्हणाल्या, “आमचाबी काढला हुता फोटू. बहात्तरच्या दुष्काळात. खडीवर.” १९७२ च्या दुष्काळात गावाजवळच्या कामावर त्या खडी फोडीत होत्या, नुकतेच लग्न झालेले, वय विशीचे. मिलो खाल्ल्याचे आणि सुखडी वाटल्याचे त्या नेहमी सांगतात. छायाचित्राचे कधी सांगितले नव्हते. शहरातून कोणी एक जण आला, बायकांना हातोडी तशीच धरून बसावयास सांगितले, आणि गेला. नाव? “न्हाई इचारलं.” ते चित्र त्यांनी पाहिलेले नाही. मग माझ्या भिंतीकडे पाहून म्हणाल्या, “आसंल कुटंतरी आसंच.”

तेव्हापासून दुष्काळाची छायाचित्रे मी पूर्वीसारखी पाहू शकत नाही. खडी फोडणाऱ्या रांगेतील बायकांचे चेहरे मी शोधीत राहते. हे निव्वळ रसविघ्न आहे, हे मला कळते. पण त्याला दोष का म्हणावे, हे आता कळत नाही. ज्याला आपण घरात ‘आवड’ म्हणतो तिच्यात हे गुंतणे असतेच. आवडत्या माणसाचे नाव ठाऊक नसणे घरात संभवत नाही, आणि आवड म्हटली की जपणे, विचारपूस करणे, रुसणे हे तिच्यामागून येते. कांटने प्रियाला सुंदराहून खाली बसविले ते त्यात गरज आणि गुंतवणूक असते म्हणून. दस्तऐवजी छायाचित्रापुरती तरी ही उतरंड उलटी लावून पाहावी, असे मला सुचवावयाचे आहे. तटस्थ आस्वादाला तिथे जे परवडते ते आवडीला परवडत नाही.

अर्थात या मांडणीला तडा देणारी एक गोष्ट याच हकीकतीत आहे. १९८३ मध्ये फ्लोरेन्स थॉम्प्सन आजारी पडली. उपचाराचा खर्च पेलेना तेव्हा मुलांनी जाहीर आवाहन केले, आणि पस्तीस हजार डॉलरहून अधिक रक्कम जमली. पाठविणाऱ्यांना ती आवडत होती ती चित्रातील. नाव नुकतेच कळलेली, साधारणीकृत. त्या पत्रांनी मुलांचीही चित्राविषयीची अढी काहीशी सैल केली. सप्टेंबरमध्ये ती गेली. तिच्या दगडावर कुटुंबाने नावासोबत ‘मायग्रंट मदर’ हे शब्द कोरले, आणि अमेरिकी मातृत्वाच्या सामर्थ्याची ती आख्यायिका आहे, असेही. परक्यांनी दिलेले नाव मुलांनी घरात घेतले. यात शरणागती किती आणि मालकी किती, हे मी ठरवू शकत नाही; बहुधा ते ठरविणे माझे कामही नव्हे.

ती १९८३ मध्ये वारली हे ऐकल्यावर सासूबाईंनी तिचे भिंतीवर असणे मान्य केले. मात्र गेलेल्या माणसाच्या तसबिरीखाली नाव आणि साल असते, ते नाही, अशी त्यांची तक्रार राहिली. दसऱ्याला तसबिरी पुसताना त्यांनी ती पुन्हा केली. मी देवनागरीत पट्टी लिहून चौकटीच्या खालच्या लाकडावर चिकटवली : फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्प्सन, १९०३–१९८३. ‘कै.’ लिहावे की नाही यावर आमचे एकमत झाले नाही. घरी येणारे विद्यार्थी चित्र लगेच ओळखतात, मग पट्टी वाचतात आणि ही कोण म्हणून विचारतात.