पाहण्याची मशीद, सजद्याची मशीद

मशीद ही पाहण्याची वास्तू की सजदा करण्याची जागा? प्रश्न सोपा आहे आणि उत्तरही ठरलेले आहे. पण अबूधाबीच्या शेख जायेद मशिदीत गेल्यावर हे ठरलेले उत्तर पुन्हा तपासावेसे वाटते.

2007 साली खुली झालेली ही मशीद 82 घुमटांची आहे. शुभ्र संगमरवर, हजाराहून अधिक खांब, चाळीस हजारांवर माणसे मावतील एवढा विस्तार. मुख्य दालनातला 5,627 चौरस मीटरचा गालिचा इराणी कारागिरांनी हाताने विणला. किब्ल्याच्या भिंतीवर अल्लाहची 99 नावे कूफी लिपीत कोरलेली आहेत. कोणत्याही धर्माच्या माणसाला इथे विनामूल्य प्रवेश मिळतो. अट एवढीच की अंग झाकलेले असावे आणि बायकांनी डोके झाकावे. आखातात नोकरी करणाऱ्या आपल्या कोकणातल्या मुलांकडे आईबाप गेले, की मुले त्यांना हमखास ही मशीद दाखवायला नेतात.

यावर आक्षेप घेणारे म्हणतात, इथे इबादतीपेक्षा फोटो जास्त. आक्षेप वजनदार आहे. मदिनेतील पैगंबरांच्या मशिदीला खजुराच्या खोडांचे खांब आणि झावळ्यांचे छत होते. मशिदींवरून लोक एकमेकांपुढे मिरवतील, ही कयामतची निशाणी असल्याचेही हदीसमध्ये आले आहे. तरीही पाहणे हे इबादतीच्या विरोधात जाते असे नाही. आकाश पाहा, पर्वत पाहा, उंट पाहा, असे कुरआन पुन्हा पुन्हा सांगते. शिवाय चपला काढून आत आलेला परधर्मीय माणूस बाहेर पडतो तेव्हा त्याच्या मनातली थोडी भीती गळून पडलेली असते. आपल्या गावात चाळीस वर्षांच्या शेजाऱ्यानेही मशीद आतून पाहिलेली नसते.

शेजाऱ्याचे सोडा, घरातल्या बाईने तरी ती कुठे पाहिलेली असते? अजानच्या आवाजावर जिचा सारा दिवस चालतो, चार पावलांवरची मशीद जिने फक्त बाहेरून पाहिली, ती बाई अबूधाबीत आयुष्यात पहिल्यांदा मेहराब पाहते. तिथे महिलांसाठी नमाजचे वेगळे दालन आहे, वजूची सोय आहे. सातासमुद्रापार ती पाहुणी म्हणून आत जाते आणि नमाजही पढते; गावात मात्र तिला उंबरठाच नाही.

अल्लाहच्या बांद्यांना त्याच्या मशिदींपासून रोखू नका, अशा आशयाची हदीस बुखारीत आहे. 2019 साली पुण्याच्या एका दाम्पत्याने हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. 2020 मध्ये मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने तिथे प्रतिज्ञापत्र देऊन सांगितले, की स्त्रियांना मशिदीत नमाजसाठी प्रवेशाची मुभा आहे. जमातीत येणे मात्र त्यांच्यावर बंधनकारक नाही. म्हणजे मनाई धर्माची नाही. राहते ती सवय, जागेची अडचण आणि आपली अनास्था. नुसती मुभा देऊन भागत नाही. स्वतंत्र दार, नळ आणि एक सफ मावेल एवढी जागा लागते.

तेव्हा भव्य मशिदीत पर्यटक किती येतात याची चिंता करण्याआधी आपल्या मशिदीने आपल्याच माणसांना परके का ठेवले, याचा विचार व्हायला हवा. मिनार उंच करण्यासाठी वर्गणी निघते, आणि त्या वर्गणीत बायकांच्या बचतीचे पैसेही असतात. पुढच्या वेळी कमिटीपुढे मिनाराचा नकाशा येईल, तेव्हा त्यात बायकांची खोली कुठे आहे, एवढे तरी कुणीतरी विचारावे.