भयाचा आस्वाद आणि भयपटांची प्रतवारी

साधारणीकरणाची कल्पना स्पष्ट करताना काश्मिरातील आचार्य अभिनवगुप्त यांनी ‘अभिनवभारती’ या नाट्यशास्त्रावरील टीकेत जो दाखला घेतला, तो भयाचा आहे. ‘शाकुंतला’च्या पहिल्या अंकात दुष्यंताच्या रथापुढे पळणारे, मान वळवून मागे पाहणारे, बाणाच्या धास्तीने अंग आखडून घेणारे हरिण रसिकापुढे येते, तेव्हा ते कोणत्या वनातले आणि कोणत्या काळातले हा प्रश्न गळून पडतो, त्याला भिववणारा राजाही परमार्थाने खरा नसतो, आणि ‘मी भ्यालो’, ‘तो भ्याला’, ‘हा शत्रू’, ‘हा मित्र’ अशा व्यवहारातल्या कोणत्याच जाणिवेत न अडकलेले, स्थळकाळाचा स्पर्श नसलेले निव्वळ भय तेवढे उरते. अनुभवाच्या या निर्वैयक्तिक होण्यालाच साधारणीकरण म्हणतात. शृंगार किंवा करुण हाताशी असताना भयाचे उदाहरण घेतले जावे, हे अर्थपूर्ण आहे. कारण ज्या भावनेत माणूस सर्वांत अधिक स्वतःपुरता होतो, ती भावनाही ‘माझी’ न राहता आस्वाद्य होऊ शकते असे दाखवले, की सिद्धान्ताची सर्वांत अवघड परीक्षा पार पडते.

भयपटांमधील आवडते-नावडते ठरवणे हा सामान्यतः ज्याच्या त्याच्या रुचीचा मामला समजला जातो, आणि त्यात काही वावगेही नाही. तरीही रुचीच्या मुळाशी एक तात्त्विक प्रश्न दडलेला असतोच: जे प्रत्यक्षात घडले तर माणूस जीव घेऊन पळेल, ते पाहण्यासाठी तो पैसे मोजून अंधारात का बसतो, आणि त्या बसण्याला आस्वाद म्हणावे की नुसती खाज? या प्रश्नाच्या उत्तरावरच कोणता भयपट वरचा आणि कोणता खालचा हे ठरते, आणि रसशास्त्राने त्यासाठी घडवलेली मापे आजच्या चित्रपटालाही बरीचशी लागू पडतात.

पहिले माप भय आणि त्रास यांतील भेदाचे. भरताच्या नाट्यशास्त्रात भय हा स्थायी भाव आहे, म्हणजे मनात वासनारूपाने कायम असणारा आणि भयानक रसाचे रूप घेऊ शकणारा भाव. त्रास हा मात्र तेहतीस व्यभिचारी भावांपैकी एक, येऊन जाणारा. विजेचा लोळ, उल्कापात, मेघगर्जना, श्वापदांचा आवाज ही त्रासाची कारणे भरताने सांगितली आहेत, तर भयानकाच्या कारणांमध्ये विकृत ध्वनी, भुताखेतांचे दर्शन, कोल्ह्या-घुबडांची भीती यांबरोबर ओसाड घर आणि अरण्य यांचाही समावेश केला आहे. पुढे सोळाव्या शतकात रूप गोस्वामी यांनी ‘भक्तिरसामृतसिंधू’त हा भेद नेमका केला: एकाएकी उठणारा कंप तो त्रास, आणि मागचापुढचा विचार करून उपजते ते भय. पडद्यावर शांतता पसरवायची, पात्राला आरशासमोर उभे करायचे आणि मग कानठळ्या बसवणाऱ्या आवाजासह कोणाला तरी मागे आणून ठेवायचे, ही आजच्या असंख्य भयपटांची हातोटी या व्याख्येनुसार त्रासापलीकडे जात नाही. अशा वेळी दचकते ते शरीर. ते दचकणे टाळीच्या आवाजानेही साधले असते. त्रास निरुपयोगी आहे असे मात्र नव्हे. १९४२ च्या ‘कॅट पीपल’मध्ये दिग्दर्शक जाक तुर्नर यांनी रात्रीच्या रस्त्यावर एका स्त्रीच्या मागून येणारी पावले ऐकवत, मग ती पावलेही थांबवत, भय हळूहळू साचू दिले आणि शेवटी एका बसच्या ब्रेकच्या फुत्काराने प्रेक्षकाला दचकवले. तिथे दचकणे हा भयाचा शेवटचा झटका आहे; नंतरच्यांनी तेवढा झटका उचलला आणि भय मागेच ठेवले.

ओसाड घर हा भरताने सांगितलेला विभाव, म्हणजे रसाला जागवणारे कारण, सर्वांत उंचीवर नेणारा चित्रपट म्हणून रॉबर्ट वाइज यांच्या १९६३ च्या ‘द हाँटिंग’कडे बोट दाखवावे लागते. शर्ली जॅक्सन यांच्या कादंबरीवर आधारलेल्या या कृष्णधवल चित्रपटात भूत एकदाही दिसत नाही. दारावर कोणीतरी ठोके देत राहते, लाकडी दार श्वास घेतल्यासारखे आत फुगते, आणि अंधारात नायिका एलेनॉर जो हात घट्ट धरून बसलेली असते तो सोबतिणीचा नव्हता, हे दिवा लागल्यावर कळते. पण चित्रपटाचे खरे सामर्थ्य त्या ठोक्यांच्या पूर्वेतिहासात आहे. एलेनॉरने वर्षानुवर्षे आजारी आईची शुश्रूषा केली आणि एका रात्री आईने भिंतीवर ठोकून हाक दिली तेव्हा ती उठली नाही. आई त्याच रात्री गेली. भरताने भयानकाचे तीन प्रकार सांगितले आहेत: बतावणीतून येणारे, अपराधातून येणारे आणि धाकदपटशातून येणारे. एलेनॉरचे भय दुसऱ्या प्रकारचे आहे. घर तिला बाहेरून भिववत नाही, तिच्या आतला ठोका तिलाच परत ऐकवते, आणि घर तिच्या मनात आहे की ती घराच्या, याचा निवाडा चित्रपट करत नाही.

दुसरे माप बीभत्साचे आहे आणि तिथे शास्त्र अधिक गुंतागुंतीचे होते. भरताच्या मते मूळ रस चार असून बाकीचे चार त्यांच्यापासून निपजतात. भयानक हा बीभत्सापासून निपजणारा. अमेरिकी तत्त्वज्ञ नोएल कॅरल यांनी १९९० साली ‘द फिलॉसॉफी ऑफ हॉरर’ या ग्रंथात राक्षसाचे लक्षण सांगताना धोक्याबरोबर किळस आणि अपवित्रता यांची जोड आवश्यक मानली, तेव्हा ते नकळत याच नात्याकडे आले होते. बीभत्साचेही प्रकार आहेत: रक्तमांसाने होणारा क्षोभज, विष्ठाकृमींनी होणारा उद्वेगी, आणि देहाच्या खऱ्या रूपाचे भान येऊन वैराग्याकडे नेणारा शुद्ध. योगसूत्रांत शौचाच्या अभ्यासातून स्वतःच्या देहाविषयी जुगुप्सा उपजते असे सांगितले आहे, ते या शुद्ध बीभत्साचे साधनेतील रूप होय. मग २००४ चा ‘सॉ’ आणि २००५ चा ‘हॉस्टेल’ यांनी मनुष्यदेहाची जी चिरफाड दाखवली, तीही वैराग्याची पाठशाळा ठरेल काय? ठरत नाही, कारण त्या चित्रपटांत देहाची नश्वरता हा विषयच नाही. एका विशिष्ट देहाला किती काळ आणि कोणत्या हत्याराने यातना देता येतील, एवढीच उत्सुकता आहे, आणि प्रेक्षकाचे मन ‘हे माझ्या देहाला झाले तर’ या एका विचाराला जखडले जाते. अभिनवगुप्तांनी रसास्वादातील सात विघ्ने सांगितली आहेत. स्वतःच्या किंवा परक्याच्या विशिष्ट स्थळकाळात बुडून जाणे आणि स्वतःच्या सुखदुःखाच्या अधीन होणे ही त्यांतील दोन. ‘हॉस्टेल’ ही दोन्ही विघ्ने निर्माण करण्यासाठीच रचला आहे. हिचकॉक यांच्या १९६० च्या ‘सायको’तील स्नानगृहाचा प्रसंग याच्या शेजारी ठेवून पाहावा: चॉकलेटच्या पाकाचे रक्त, बर्नार्ड हरमन यांच्या तंतुवाद्यांचा चित्कार, आणि सुरीपेक्षा तुकड्यातुकड्यांनी जोडलेल्या दृश्यांनी केलेला वार. तिथे किळस भयापर्यंत पोचते.

‘सत्य घटनेवर आधारित’ ही पाटी हे वरील दोन विघ्नांपैकी पहिल्याचेच सभ्य रूप. १९७९ चा ‘द अ‍ॅमिटीव्हिल हॉरर’ किंवा २०१३ चा ‘द कॉन्ज्युरिंग’ अमुक राज्यातल्या अमुक कुटुंबाला हे भोगावे लागले असे बजावतात, तेव्हा भय पुन्हा कोणाच्या तरी मालकीचे होते. ‘द कॉन्ज्युरिंग’ कसबी हातांचा आहे हे मान्य करूनही म्हणावे लागते की ज्याला आपल्या कल्पिताचा भरवसा आहे, त्याला साक्षीदार आणावे लागत नाहीत.

या सगळ्या मांडणीला एक जुना आणि तगडा आक्षेप आहे, तो टाळून पुढे जाता येत नाही. बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्राचे शिष्य रामचंद्र आणि गुणचंद्र यांनी ‘नाट्यदर्पणा’त स्पष्ट म्हटले की सर्व रस आनंदरूप नसतात, करुण, रौद्र, बीभत्स आणि भयानक हे दुःखरूपच आहेत, आणि लोक त्यांकडे वळतात ते कवीच्या व नटाच्या कौशल्याने चकित होऊन, शिवाय पन्ह्याची गोडी तिखटाच्या स्पर्शाने वाढावी तसे काहीसे घडते म्हणून. स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम यांनी १७५७ साली शोकांतिकेबद्दल वक्तृत्वाच्या सौंदर्याने दुःखाचे रूपांतर होते असे जे मत मांडले, ते याच्या जवळचे आहे. मराठीत न. चिं. केळकर यांनी १९२१ च्या बडोद्याच्या साहित्य संमेलनात मांडलेली सविकल्प समाधीची कल्पना मध्यममार्ग काढते: आस्वादक स्वतःची भूमिका न सोडता परक्याच्या भूमिकेत शिरतो, आणि या दुहेरी अवस्थेतच आनंद असतो. भयपटाच्या प्रेक्षकाला केळकरांचे वर्णन चपखल लागू पडते, कारण तो डोळ्यांवर हात धरतो आणि बोटांच्या फटीतून पाहतोही. मात्र ‘नाट्यदर्पणा’चे म्हणणे पुरतेपणी खोडले गेले असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही, काही भयपट खरोखरच केवळ दुःख देतात आणि त्यांचे कौतुक होते ते कारागिरीमुळेच.

भयाचा प्रश्न शेवटी धर्माच्या दारात येऊन उभा राहतो. बृहदारण्यक उपनिषदातील सृष्टिकथेत आरंभी एकटा असलेला आत्मा भ्याला, आणि आपल्याखेरीज दुसरे कोणी नाही तर भ्यायचे कोणाला, असा विचार मनात येताच त्याचे भय गेले. भयाला दुसरेपण लागते, हा त्याचा निष्कर्ष. याउलट गीतेच्या अकराव्या अध्यायात अर्जुनाला जे भय वाटते ते परमेश्वराचेच रूप पाहून वाटते, आणि तो पूर्वीच्या सौम्य रूपासाठी विनवणी करतो. जर्मन धर्मचिंतक रुडॉल्फ ओटो यांनी १९१७ साली पवित्राच्या अनुभवात थरकाप आणि ओढ एकवटलेली असतात असे जे दाखवले, ते या प्रसंगाला पूर्ण लागू पडते. ज्ञानेश्वरांनी या अध्यायाच्या आरंभी शांत रसाच्या घरी अद्भुत पाहुणा आल्याचे आणि इतर रसांनाही पंगतीचा मान मिळाल्याचे सांगितले आहे; त्या पंगतीत भयानकाचे पान मांडलेले असणार, हे अध्याय वाचणाऱ्याला सांगावे लागत नाही.

या दोन टोकांच्या मध्ये विल्यम फ्रीडकिन यांचा १९७३ चा ‘द एक्झॉर्सिस्ट’ उभा आहे. त्यात सैतान हे संपूर्ण दुसरेपण आहे, बाहेरून आलेले, लहान मुलीच्या देहात घुसलेले, आणि अशुभ खरे ठरले म्हणजे देवही खरा ठरतो असा त्याचा गर्भित युक्तिवाद आहे. हा युक्तिवाद लंगडा आहे, कारण सैतानाच्या अस्तित्वातून देवाचे चांगुलपण सिद्ध होत नाही. पण श्रद्धा डळमळलेला पाद्री कॅरस, आईला एकटे मरू दिल्याची त्याची बोच आणि शेवटी सैतानाला स्वतःत ओढून घेऊन खिडकीतून झोकून देणे, यांत दुसरेपण आपल्या अंगावर घेण्याची जी धार्मिक कृती आहे, ती मान गरागरा फिरवण्याच्या करामतींवर मात करते. रामसे बंधूंच्या १९८४ च्या ‘पुराना मंदिर’मध्ये मात्र राक्षस सामरीला आवरायला त्रिशूळ पुरतो. तिथे धर्म हे शस्त्रागार आहे. चित्रपट मजेदार आहे, पण भय तिथे टिकत नाही.

मराठी मातीशी नाते असलेल्या दोन चित्रपटांनी अपराधजन्य भयाची परंपरा पुढे नेली. राही अनिल बर्वे यांच्या २०१८ च्या ‘तुंबाड’ला नारायण धारप यांच्या कथेची प्रेरणा आहे, १९१८ ते १९४७ या काळातील या कोकणातल्या गोष्टीत हस्तर नावाचे दैवत पुराणातले नाही, रचलेले आहे, तरीही ते पुराणाइतके जुने वाटते, कारण त्याचा शाप सोन्याच्या आणि धान्याच्या हावेचा आहे आणि ती हाव नायक विनायकरावाच्या घरात पिढीजात आहे. विनायकराव ज्याला भितो त्याच्याकडे तो स्वतःच्या पायांनी जातो. बृहदारण्यकाचे दुसरेपण इथे आतूनच फुटलेले आहे. विशाल फुरिया यांच्या ‘लपाछपी’त उसाच्या फडातले भय स्त्रीभ्रूणहत्येच्या सामाजिक पापातून उगवते आणि गरोदर स्त्री त्याला तोंड देते. या ठिकाणी शास्त्राची एक मर्यादा उघडी पडते. भय हा स्त्रियांचा आणि नीच पात्रांचा स्वभाव असून उत्तम पात्राने ते फार तर वडीलधाऱ्यांपुढे दाखवण्यापुरते धरावे, असे प्राचीनांनी मानले. पण १९७८ च्या ‘हॅलोविन’पासून ‘लपाछपी’पर्यंत भीत भीतच ठामपणे उभी राहणारी पात्रे स्त्रियाच आहेत, आणि भयानकाचा आश्रय आता उत्तम पात्र झाले आहे.

या मापांनी पाहता ‘द हाँटिंग’ आणि ‘तुंबाड’ अग्रस्थानी येतात, ‘द एक्झॉर्सिस्ट’ त्याच्या युक्तिवादामुळे नव्हे तर कॅरसमुळे त्यांच्या जवळ बसतो, आणि ‘हॉस्टेल’ तळाशी जातो. करुणापासून आनंद कसा होतो यावर मराठी समीक्षेने विसाव्या शतकात पुष्कळ शाई खर्च केली. धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्यासारखे लेखक ज्या भाषेत होऊन गेले, त्या भाषेतील अभ्यासकांनी आता तेवढेच कष्ट भयानकासाठी घ्यावेत.